मसल कारची चकाकी नंतर बघा, आधी कागद मागा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन मसल कार्सवरचा, म्हणजे साध्या बॉडीत मोठं ताकदवान इंजिन बसवलेल्या जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, ४५४ म्हणजे इंजिनचे क्युबिक इंच), पूर्ण रिस्टोअर करून विकायला काढलेली, लाल रंग, बॉनेटवर काळे पट्टे, अर्ध्या पानाचा फोटो. मी मिशिगनमधे राहतो, गाड्यांच्याच क्षेत्रात नोकरी करतो आणि या गाड्यांचं वेड इथे आल्यापासूनच आहे, त्यामुळे मराठी पेपरात शेव्हेल बघून खूपच भारी वाटलं. पण लेखात रंग आला, क्रोम आलं, ४५० हॉर्सपॉवर आली, किंमत आली, आणि ही गाडी खरंच एसएस ४५४ आहे हे कशावरून ठरवायचं याबद्दल एक ओळसुद्धा नाही. हे मला खटकलं. इथली बरीच मराठी मंडळी तुमचा पेपर ऑनलाइन वाचतात, त्यातल्या अनेकांची आता अशी गाडी घ्यायची ऐपत आहे आणि हौसही आहे, आणि पैसे बुडतात ते नेमके इथेच.

मुळात मसल कार जन्मालाच अशी आली की तिची नक्कल करणं सोपं आहे. शेव्हरोले आणि पॉन्टियाक हे दोन्ही जनरल मोटर्सचे (जीएमचे) ब्रँड, आणि जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. पॉन्टियाकमधे जॉन डिलोरियन चीफ इंजिनियर होते, त्यांनी आणि त्यांच्या टीमने १९६४ साली यातून वाट काढली, वेगळं मॉडेल न काढता साध्या टेम्पेस्ट ल मान्स गाडीवर तीनशे डॉलरच्या आतबाहेरचं एक ऑप्शन पॅकेज म्हणून ३८९ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन द्यायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं जीटीओ. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपली. मग सगळेच त्या मागे लागले. म्हणजे बघा, बॉडी तीच जी ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या साध्या गाडीची, फक्त आत मोठं इंजिन, दणकट गिअरबॉक्स आणि बाहेर बिल्ले आणि पट्टे. बिल्ले आज नवे विकत मिळतात, पट्टे रंगवता येतात, ४५४ चं ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य ओतीव सांगाडा, दुसऱ्या कुठल्या गाडीतून काढून बसवता येतं. मग बाहेरून काय कळणार?

तुमच्या लेखातल्या गाडीचंच बघू. १९६६ ते ६८ च्या शेव्हेल एसएस ३९६ ला व्हिन नंबरच, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांकच, वेगळा होता, १३८ ने सुरू होणारा, त्यामुळे तिथे फसवणं अवघड. पण १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं आणि १९७० च्या मालिबू (शेव्हेलचंच एक मॉडेल) हार्डटॉपचा व्ही-८ चा नंबर १३६३७ ने सुरू होतो, मग आत साधं ३०७ इंजिन असो की ४५० हॉर्सपॉवरचं ४५४ एलएस-६ असो, नंबरातून काहीही कळत नाही. एलएस-६ त्या वर्षी साडेचार हजारांच्या आतच बनली. खरी एलएस-६ आणि तिच्यासारखी दिसणारी मालिबू यांच्या किमतीत आज कित्येक हजार डॉलरचा फरक पडतो, आणि दिसायला दोन्ही एकच.

मग बघायचं काय? माझ्या ओळखीतल्या एकाने गेल्या वर्षी अशीच एक शेव्हेल बघितली, डीलरने मॅचिंग नंबर्स म्हणजे कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आजही आहे असं सांगितलं होतं, आणि मी सोबत गेलो होतो. इंजिनच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजर साइडच्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकवर बोटभर रुंदीची एक सपाट पट्टी असते. त्या पट्टीवर इंजिन जोडल्याची तारीख, अक्षरांचा कोड आणि गाडीच्या व्हिनचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. तेल पुसून टॉर्च तिरका धरला की कारखान्याच्या मशीनने पडलेल्या बारीक सरळ रेघा दिसतात, ठोकलेली अक्षरं त्या रेघांवर बसलेली असतात. इथे रेघाच नव्हत्या, पट्टी घासून गुळगुळीत केलेली आणि त्यावर नव्याने ठोकलेले आकडे, एक आकडा तर वर सरकलेला. मग मागे, गिअरबॉक्स जिथे जोडतो तिथे, ब्लॉक ओतल्याची तारीख ओतीवातच असते, पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं. ती तारीख निघाली गाडी बनल्याच्या नंतरची! गाडी आधी तयार झाली आणि तिचं इंजिन नंतर ओतलं, असं कसं होईल? डीलरकडे उत्तर नव्हतं. आम्ही हात जोडून बाहेर पडलो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे नाहीतर चांगल्या माणसांवर अन्याय होईल. इंजिन रिबिल्ड करताना ब्लॉकचा वरचा भाग मशीनवर घासावा लागतो आणि त्यात तो नंबर पुसला जाऊ शकतो, त्यामुळे रेघा नाहीत म्हणजे चोरच असं नाही. पण ज्याला आपल्या गाडीची कदर आहे तो मशीन शॉपला ब्लॉक द्यायच्या आधी त्या पट्टीचा फोटो काढतो आणि बिलासोबत जपून ठेवतो. तो फोटो मागा.

कागदांचं म्हणाल तर प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे आणि हे लेखात यायलाच हवं होतं. पॉन्टियाकचं सगळ्यात बरं, पीएचएस म्हणून एक सेवा आहे, ती व्हिनवरून मूळ बिलाची कॉपी देते, १९६४-६५ च्या जीटीओला तर याशिवाय खात्रीचा मार्गच नाही कारण त्या दोन वर्षांत व्हिनमधे जीटीओ कळत नाही. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांना मार्टी रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या नोंदींवरून काढलेला गाडीचा मूळ तपशील, मिळतो. क्राइसलरच्या म्हणजे डॉज-प्लिमथच्या गाड्यांत व्हिनचं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं, १९७०-७१ ला तिथे आर असेल तर आत ४२६ क्युबिक इंचाचं हेमी नावाचं इंजिन. शेव्हरोलेचं मात्र त्रांगडं आहे, कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांची नोंद जीएम कॅनडाकडून मिळते पण अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या गाड्यांची अशी नोंद मिळत नाही, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमधे अडकलेला कारखान्याचा बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी), किंवा वॉरंटीच्या पुस्तकातली ती धातूची छोटी पट्टी, यावरच सगळी भिस्त. आणि बिल्ड शीटही नकली छापून मिळतात हे लक्षात ठेवा, पन्नास वर्षं टाकीवर पडून राहिलेला कागद कुरकुरीत, डाग पडलेला, कडा उंदराने खाल्लेल्या असा असतो, पांढराशुभ्र नसतो.

पैसा किती आहे यात ते सांगतो म्हणजे लोक इतक्या थराला का जातात ते कळेल. २०१४ साली सिॲटलला मेकमच्या लिलावात १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल पस्तीस लाख डॉलरला गेली. अशा गाड्या तेव्हा जेमतेम डझनभर बनल्या होत्या. खुद्द व्हिनच्या पट्टीशी छेडछाड करणं हा इथे फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी करणारे करतात.

बॉडीबद्दल थोडक्यात. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून मागच्या चाकांच्या वरच्या पत्र्यावर फिरवा, जिथे पकडत नाही तिथे खाली पुट्टी भरलीय. डिक्कीतली मॅट उचला. शेव्हेलमधे मागच्या काचेच्या खालचे कोपरे सडतात, व्हिनाइल टॉप असेल तर त्याखाली जास्तच. खालून गाडीला ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं तर मी तरी दोन पावलं मागे सरतो, कारण चांगलं वेल्डिंग कोणी झाकून ठेवत नाही. ११ च्या वर कॉम्प्रेशन असलेलं एलएस-६ इंजिन शिसं मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं, ते पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांना इथे १९९६ पासून बंद, म्हणून रिबिल्ड करताना विनाशिशाच्या पेट्रोलला टिकणाऱ्या एक्झॉस्टच्या कडक व्हॉल्व्ह सीट्स बसवल्या का हेही विचारा. आणि चालवून बघा, नुसती उभी बघून चेक देऊ नका.

डीलरने काचेला ॲज इज, म्हणजे आहे तशी, हमी नाही, असा कागद लावलेला असतो. जिथे राज्याचा कायदा त्याला परवानगी देतो तिथे नंतर काही निघालं तर ते तुमचंच, तोंडी दिलेला शब्द सिद्ध करत बसा. म्हणून जे काही ओरिजिनल म्हणून सांगतात ते विक्रीच्या कागदावर लिहून घ्या, इंजिन ओरिजिनल, गिअरबॉक्स ओरिजिनल, एक्सल ओरिजिनल, एकेक. लिहायला का-कू केली की समजून जा.

माझा राग नक्कल करण्यावर नाही हं. साध्या मालिबूला ४५४ बसवून, नीट पत्रा काढून, मनापासून रंगवून कोणी उभी केली आणि ही क्लोन आहे असं सरळ सांगून विकली तर ती सुंदरच गाडी आहे, चालवायला तेवढीच मजा, खिशालाही झेपते, आणि ओरिजिनल नंबर जपायचं टेन्शन नाही. ज्यांना फक्त तो आवाज आणि ते पिकअप पाहिजे त्यांनी तीच घ्यावी असं मी स्वतः सांगतो. आणि खऱ्या गाडीवर वर्षानुवर्षं राबून, मूळ स्क्रूसुद्धा साफ करून परत लावणारे कारागीर मी इथे बघितलेत, त्यांच्या गाडीशेजारी खोटा नंबर ठोकलेली गाडी त्याच भावाने विकली जाते तेव्हा त्या माणसांच्या कष्टांची किंमत कमी होते. याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच, या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा विकणाऱ्याकडून चार गोष्टी मागून घ्या, ब्लॉकवरच्या पट्टीचा फोटो, ब्लॉक ओतल्याच्या तारखेचा फोटो, रंग काढून गाडी उघडी असतानाचे फोटो आणि बिल्ड शीट. दिल्या तर त्या छापा, त्या चकचकीत फोटोपेक्षा लहान जागेत बसतील. नाही दिल्या तर तेही लेखात लिहा.

आपला,
मिशिगनचा एक नियमित वाचक