बंड्याच्या तापाचं नाव

कुर्ला, मुंबई

प्रिय सुध्या,

तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच. बंड्याच्या आजाराला नाव मिळालं, आणि हे तुला फोनवर घाईघाईत सांगायचं नव्हतं.

ड्राव्हे सिंड्रोम, म्हणजे तान्हेपणीच तापातल्या फिटनं सुरू होणारा मिरगीचा एक प्रकार. कळलं ४१व्या वर्षी! एमआरआय नेहमीसारखा नॉर्मल. नव्या न्यूरॉलॉजिस्टबाई आईलाच खोदून विचारत बसल्या. जुन्या फायली २६ जुलैच्या पाण्यात गेल्या, पण आईच्या डोक्यातलं काहीच गेलेलं नाही. पाचवा महिना, ट्रिपलची सुई, रात्री ताप, अर्धा तास नुसता डावा हातपाय उडत होता. पुढच्या तापात उजवा. मग बाईंनी विचारलं, "गरम पाण्याच्या आंघोळीनं फिट यायची का?" मला आपली ती दिवाळी आठवली. पहाटेची कढत आंघोळ झाली, बंड्याला फिट आली आणि बाबांनी खापर फोडलं तुझ्या सुतळी बॉम्बवर. सुटलास रे! आणि चप्पल हुंगवणाऱ्या काकूंशी तू कडाकडा भांडलास, तेही बरोबरच होतं.

रक्त तपासलं, एससीएन१ए जीनमध्ये बिघाड निघाला. बहुतेकांत तो आईबापांकडून येत नाही, नव्यानंच उपजतो. या जीनचा संबंध कळला २००१ मध्ये; बंड्याच्या लहानपणी ही तपासणी जगातच नव्हती. आई मात्र इतकी वर्षं एकच धरून बसलीय, "सुईला मीच नेलं." मी तिला सांगितलं, लसीमुळे मेंदू बिघडला असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जायचं अशा १४ जणांना २००६ मध्ये संशोधकांनी तपासलं, तर ११ जणांत हाच जीन बिघडलेला. सुईनं ताप आला इतकंच; सुई नसती तर पुढच्या एखाद्या तापात हे उघडं पडलंच असतं. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत बसली.

पण खरी काळजी पुढेच आहे. ड्राव्हेत मेंदूतल्या आवर घालणाऱ्या पेशीच दुबळ्या असतात, कारण त्या बिघडलेल्या जीनमुळे त्यांची सोडियम आत घेणारी दारं नीट चालत नाहीत. बंड्याची फिटवरची गोळी, कार्बामाझेपिन, तीच दारं आणखी अडवते, म्हणजे फिट वाढू शकतात. आणि ती गोळी रोज रात्री घड्याळ लावून कुणी दिली? आईनं. आता ती हळूहळू कमी करायचीय, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामवर न्यायचंय. एकदम बंद केली तर धोका. हल्ली त्याला फिट झोपेतच येतात, म्हणून मी त्याच्याशेजारी अंथरूण घालतो आणि श्वास ऐकत पडतो. गोळी का बदलली असं आईनं विचारलं की मी विषय बदलतो. सुईतून सोडवायचं आणि गोळीत अडकवायचं, हे माझ्यानं होत नाही. खोटंही बोलवत नाही.

तुझ्या बदलीचं कळलं, छान झालं. चिमीची दहावी ना यंदा? तिला आशीर्वाद.

सुध्या, दोन दिवस काढून ये. लहानपणापासून आईला माझ्यापेक्षा तुझंच पटतं, यावरून आपण कमी भांडलोय का! डॉक्टरांनी लिहून दिली तीच गोळी तिनं दिली, हे तू सांगितलंस तर ती मानेल. शनिवारी रात्री निघालास तर सकाळी दादरला घ्यायला येतो. बंड्या अजून तुझ्याच खांद्यावर हात टाकून जिना उतरायचं म्हणतो.

तुझा,
दिन्या