तुझ्या जहाजाबद्दल, जरा बसून वाच

वडगाव, बेळगाव
७ डिसेंबर

प्रिय पक्या,

फोनवर सांगायचं धाडस होईना म्हणून पत्र लिहायलोय, त्यामुळे चहा घेऊन बस आणि मधेच फोन करू नको, पूर्ण वाच. तुझं बीगल, डार्विनच्या जहाजाचं ते लाकडी मॉडेल, जवळजवळ झालंय. तू इंग्लंडला जाताना माझ्या माळ्यावर खोक्यात ठेवून गेलास ते. लाकूडकाम तुझंच आहे, मी त्यातलं काही हलवलेलं नाही (एक गोष्ट सोडून, येतो त्यावर), दोऱ्यांचं काम मात्र सगळं मी केलंय. दीड वर्ष लागलं. घरातले म्हणतात नोकरी सोडून हेच कर आता.

गल्लीतली पोरं रोज खिडकीशी येऊन विचारतात, काका हे कुठं सोडणार, किल्ला तलावात की राकसकोपला? आपल्या गावाला समुद्र नाही, बोट बघायची तर चोरला घाट उतरायचा नाहीतर आंबोलीवरून वेंगुर्ला, आणि मी इथं बसून डोलकाठ्यांना दोऱ्या बांधतोय. पण मजा येते लेका.

तुला आठवतंय तू म्हणालेलास, हल म्हणजे जहाजाचं धड झालं की अर्धं काम झालं? खोटं आहे ते. नव्वद फुटी जहाज साठाव्या भागाला म्हणजे दीड फूट, त्यात लाकूड किती आणि दोरा किती याचा मला काही अंदाजच नव्हता. प्लॅनवर जाळीसारखी जी रेघोटी दिसते ना, खालून वर निमुळती होत जाणारी, ज्यावरून खलाशी चढायचे, तिच्या उभ्या दोऱ्या म्हणजे श्राउड आणि आडव्या पायऱ्या म्हणजे रॅटलाइन. एका बाजूला सहा श्राउड, वीस ओळी, म्हणजे एकशेवीस गाठी, दोन्ही बाजू दोनशेचाळीस, आणि मोठ्या दोन काठ्यांना मिळून चारशेऐंशी. मागची छोटी काठी यात धरलेलीच नाही. खऱ्या जहाजावर पायऱ्या तेरा-चौदा इंचांवर असायच्या, आपल्याकडे ते साडेपाच-सहा मिलिमीटर होतं. मी कागदावर रेघा मारून तो कागद मागं चिकटवायचो आणि रेघ बघून गाठ मारायचो. पहिल्या आठवड्यात एक बाजू केली, लांबून बघितली तर उभ्या दोऱ्या मधे ओढल्या गेलेल्या, बाईनं कंबर आवळावी तशी. प्रत्येक गाठ किंचित जास्त ओढली की असं होतं. सगळं कापलं. दुसऱ्यांदा मधल्या दोन श्राउडना आडवी काडी लावून अंतर धरलं आणि गाठ नुसती बसवली, ओढली नाही.

दोऱ्याच्या जाडीत पण घोळ केला आधी. त्या काळी दोर परिघानं मोजायचे, व्यासानं नाही. पुस्तकात सहा इंची श्राउड लिहिलंय म्हणजे जाडी दोन इंचाच्या आतच, आपल्या मापात शून्य पॉइंट आठ मिली. मी सहा इंच जाड धरून बसलो आणि अडीच मिलीचा दोर लावायला निघालो. गोठ्यात म्हैस बांधायच्या दाव्यासारखं दिसत होतं. तू असतास तर तासभर हसला असतास.

आता गुन्ह्याकडे येतो.

गेल्या मार्चमध्ये, कडक ऊन, हवा सुकी, मी पुढच्या काठीचं वरचं निम्मं, म्हणजे टॉपमास्ट, त्याच्या मागच्या दोऱ्या बांधल्या. डेकच्या कडेला येतात त्या, बॅकस्टे. पुढून येणारे दोर अजून बांधलेच नव्हते, म्हटलं ते शेवटी बघू, नाकाडाशी जागा कमी आहे हात घालायला. आणि दोरी सैल पडू नये म्हणून ताणून ताणून बांधली, वर फेविक्विकचा थेंब. जे झालं ते कळायला पावसाळा उजाडावा लागला. आपल्याकडचा पाऊस तुला सांगायला नको, भिंतींना ओल, पापड सादळतात, माचिस पेटत नाही. जुलैच्या मध्यावर बघतो तर टॉपमास्ट मागं झुकलेला. वाकलेला पण, नुसता झुकलेला नाही. सुती दोरा ओला झाला की फुगतो, फुगला की लांबीला आटतो. पीळ असतो ना त्याला, जाड झाला की आखडतो. मागून आटलेला दोर ओढायला, पुढून धरायला कोणी नाही.

मी काय केलं, हातानं काठी धरली आणि हळूच पुढं ढकलली. दोर सुटणार कसा, गोंद वाळून दगड झालेला. कट्ट असा आवाज आला. तू अक्रोडाची काडी घेऊन आठ दिवस घासत बसलेलास ती काठी. मी दहा मिनिटं तशीच हातात धरून बसलो, बायको म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही.

दोन आठवडे त्या खोलीत गेलोच नाही.

मग शेजारच्या आज्जी आल्या, हातमागवाल्या, तुला ओळखतात त्या, तू लहानपणी त्यांच्या कांड्या पळवायचास. आता माग बंद, पॉवरलूमच्या खटखटीत त्यांचं काही चालत नाही, पण हात अजून तसेच. जहाज बघितलं आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल? जहाज कुठलं, कशाचं, काही नाही. दोरा चिमटीत धरला, फिरवला आणि म्हणाल्या, "ह्यो काय सूत आणलास? पीळच न्हाई ह्याला." मी म्हटलं आज्जी हा ऑनलाइन मागवलाय, मॉडेलचा स्पेशल आहे. त्या हसल्या नुसत्या. मग मी पावसाचं सांगितलं. म्हणाल्या, "ताणा असाच की रे. सकाळी मागावर बसलं की आधी ताण बघायचा. सादळला असला तर ढिला सोडायचा, सुकला असला तर ओढायचा. तू गोंदानं चिकटवून बसलास, आता कसा सोडशील?"

लाजच वाटली गड्या. आमच्या घरात दोन पिढ्या माग होता आणि मला हे युट्यूबवरून शिकायचं होतं.

आणि मग लक्षात आलं की त्या प्रत्येक श्राउडच्या खाली जी तीन भोकांची लाकडी चकती असते, डेडआय, जोडीजोडीनं, मधून दोरी ओवलेली, ती शोभेची नाहीच. ती आज्जींच्या मागाच्या तुळईचंच काम करते. खरे दोर अंबाडीसारख्या धाग्याचे, हेंपचे, तेही ओलीनं आटायचे आणि वापरून लांबायचे, म्हणून खलाशी पुन्हा पुन्हा त्या चकत्यांमधली दोरी ओढून ताण सारखा करायचे. मी त्याच दोरीच्या टोकाला फेविक्विक लावलं होतं. वर शिवाय ते सुकलं की पांढरा डाग येतो आणि दोरा काडीसारखा कडक होतो, वळणावर मोडतो.

तर मग सगळं उलटं केलं. गोंद फक्त पातळ फेविकॉल, पाणी घालून, तेही गाठ अगदी शेवटची झाल्यावर. आज्जींच्या जुन्या रहाटावर दोर पिळायचा बेत केला. तीन पेड एका दिशेनं पिळायचे आणि मग तिघांना एकत्र उलट्या दिशेनं, तेव्हा तो दोर सुटत नाही, नाहीतर हातातून सोडला की सापासारखा वेटोळं घालतो. पहिले चार वेटोळेच निघाले. पाचवा बरा आला, आज्जी रहाट फिरवत आणि मी दुसऱ्या टोकाला खोलीच्या दारात, दोर आखडायला लागला तसं पुढं सरकत. पॉलिस्टरचा धागा घेतला, बाजारात कशिदावाल्यांकडे मिळतो तो. आज्जींना तो पटला नाही, चमकतो म्हणाल्या. म्हणून मेण लावलं, मधमाशीचं, बूट शिवणाऱ्याकडून आणलं, तो पण दोऱ्याला तेच लावतो. मेणावरून दोरा दोनदा ओढला आणि बोटांनी चोळला की चमक जाते, उडणारे केस बसतात. आज्जी म्हणाल्या, "आम्ही खळ लावत होतो, तुझं बरं हाय, उकळायला लागत न्हाई."

रंगाचं पण सांगतो, कारण तू विचारशील. जे दोर कायमचे, काठ्या धरून ठेवणारे, ते काळपट तपकिरी, कारण खऱ्यांना डांबर लावलेलं असायचं, पाइनच्या झाडाचं. शिडं वर-खाली करणारे, फिरवणारे, ते डांबर न लावलेले, म्हणून गोणपाटासारखा फिका रंग. ही एक गोष्ट सांभाळली तरी लांबून जहाज खरं वाटतं. आणि फिक्या दोरांपैकी एकेकाला ठरलेली खुंटी. रात्री, वादळात, अंधारात हात घातला की तोच दोर हाताला लागला पाहिजे. मी दोन दोर अदलाबदल करून बांधलेत, मुख्य काठीपाशी, डावीकडे. तुला सापडले तर एक कुंद्याचा डबा माझ्याकडून.

टॉपमास्ट नवीन केला. अक्रोड मिळाला नाही, आमच्या मोडक्या मागाची एक सागाची पट्टी माळ्यावर पडलेली, तीच तासली. ड्रिलच्या चकमध्ये धरून सँडपेपरनं निमुळती केली. रंग थोडा वेगळा दिसतो, पॉलिश मारून लपवायचा प्रयत्न केला पण जमलं नाही आणि आता लपवत पण नाही. खऱ्या जहाजांवर वरच्या काठ्या वेगळ्या तुकड्याच असायच्या, वादळात खाली उतरवता याव्यात आणि मोडल्या तर दुसरी घालता यावी म्हणून, सुट्ट्या काठ्या बरोबर घेऊनच निघायचे. म्हणजे मी जे केलं ते अगदीच बेकायदेशीर नाही. बीगलवर तर अख्खी एक काठीच नंतर बसवली, आधी दोनच होत्या, १८२० मध्ये ब्रिग म्हणून पाण्यात उतरलं आणि पहिल्या सफरीआधी मागं तिसरी लावली. त्याच काठीच्या शेजारच्या केबिनमध्ये डार्विन, नकाशांच्या टेबलावर झोळी टांगून झोपायचा, १८३१ च्या डिसेंबरपासून पाच वर्षं, आणि त्याला जहाज लागायचं, सतत. मला ही गोष्ट फार आवडते. चोरला घाटात बसमध्ये तुझी जी अवस्था व्हायची ती आठव.

या वेळी आधी पुढचे दोर, मग बाजूचे, मग मागचे, सगळे सैल, आणि मग दोन दिवस एकेकाला पाव पाव वळण ओढत काठी डोळ्यांनी सरळ केली. आज्जी खुर्चीवर बसून बघत होत्या. मी एक जास्त ओढला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "साकु, साकु." म्हणजे पुरे, पुरे. पक्या, मी इतकी वर्षं बेळगावात राहून कन्नडमध्ये इतका अचूक सल्ला कधी घेतला नव्हता. १ नोव्हेंबरला, आपण मराठी लोक कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिन पाळतो तेव्हाच्या फेरीहून आल्यावर संध्याकाळी त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, दोऱ्याला कुठं भाषा असते, चल चहा कर.

आता नेमकं एक काम आहे तुझ्याकडे. तू हार्टलपूलला जाऊन ते आपल्या मुंबईत बांधलेलं जहाज बघितलंस ना, ट्रिंकोमाली, १८१७ चं, वाडियांच्या गोदीतलं, मलबारी सागाचं. मला तू पाठवलेल्या फोटोत सगळे फोटो तुझेच आहेत, तोंड पुढं आणि जहाज मागं. पुन्हा गेलास तर तोंड बाजूला ठेव आणि डेडआयच्या जोडीचा जवळून फोटो काढ, वरच्या चकतीवरून दोरीचं टोक श्राउडभोवती कसं गुंडाळलंय ते मला बघायचंय, किती वेढे आणि शेवटाला कुठं बांधलंय. माझ्या प्लॅनमध्ये ती जागा फक्त एक काळा ठिपका आहे. शक्य तर बाजूला पेन धरून, म्हणजे माप कळेल. आणि एकदा वरून खाली बघत, खुंट्यांच्या रांगेचा.

मागच्या काठीचं शीड अजून मी बांधलेलं नाही. खरं तर एका दिवसाचं काम आहे. पण ते तू आल्यावर कर, हल तुझा आहे, शेवटची गाठ मी मारली तर तू आयुष्यभर ऐकवशील. गणपतीला येणार असशील तर त्या दिवसांत पाऊस असतो, तेव्हा ताण पुन्हा बघू दोघं मिळून. टॉपमास्टबद्दल शिव्या तेव्हाच दे, समोरासमोर, फोनवर नको, बायको ऐकते.

येताना बारीक टोकाचा वाकडा चिमटा आण. दोरा आणू नको, इथं मिळतो.

तुझाच,
बंड्या

ता.क. आज्जी विचारतायत, हे पाण्यात सोडून बघणार आहेत काय. मी नाही म्हटलं. त्यांना पटलेलं नाही.