वेल्लोरला जाण्याआधी

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फोनवर दोनदा विषय काढायला गेले आणि दोन्ही वेळा जीभ रेटेना, म्हणून लिहिते. माझं वेल्लोरला जायचं ठरलंय. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एमएस्सी नर्सिंग, दोन वर्षं. फीसुद्धा भरली. हे तुम्हाला सगळ्यांत शेवटी कळतंय, याचं मला फार वाईट वाटतंय.

पण आधी विचारलं असतं, तर बाबा, तुम्ही गुडघ्याचं दुखणं लपवून लगेच "जा" म्हणाला असता. आई, तू "तुझी इच्छा" म्हणून भाकरी थापायला वळली असतीस. आणि मी तेवढ्यावर निघूनही गेले असते.

फ्लॅटच्या वेळचं आठवतं ना? तेव्हाही मी विचारलं होतंच, पण ज्या "घेऊन टाक" म्हणणार हे ठाऊक होतं त्याच मैत्रिणींना. परवा बायबलातला 1 राजे 12 हा अध्याय वाचताना गलबलून आलं. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा, त्यानंही लोकांकडून विचाराला तीन दिवस मागून घेतले होते, वडिलांच्या पदरच्या वृद्धांना विचारलं होतं. लोकांशी गोड बोल, ते कायम तुझे राहतील, असं त्यांनी सांगितलं. त्याला पटलं ते बरोबर वाढलेल्या पोरांचं. इस्राएलाचे दहा वंश गेले हातचे.

म्हणून या वेळी मला अडवतील अशाच माणसांकडे गेले. डोक्यात खरं तर आखातातली नोकरी होती, पाच वर्षांची. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, प्रार्थना केली आणि विचारलं, "एवढे पैसे कशासाठी हवेत?" मला सांगताच येईना. मिरजेच्या आमच्या जुन्या मेट्रनबाई तर सरळ म्हणाल्या, "आई-बाबांना पाच वर्षं सोडण्याचं त्यांचं वय नाही. शिकायचंय तर सुट्टीला घर गाठता येईल तिथं शीक." दोन दिवस राग होता त्यांच्यावर. मग कळलं, राग आला कारण बोलणं खरं होतं. वेल्लोर त्यातून निघालं. बाबा, संडेस्कूलमध्ये तुम्हीच आयडा स्कडरबाईंची गोष्ट सांगायचात, 1900 साली एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्याची. ते हेच.

आणि लांब नाही हो. कोल्हापुरातून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट तिरुपतीला जाते, तिथून पुढं वेल्लोर काही तासांवर. नाताळला मी घरी.

मेट्रनबाईंनी निर्गम 18 वाचायला लावला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करत बसलेला बघून त्याचा सासरा इथ्रो म्हणतो, हे ठीक नाही, थकून जाशील. माणसं नेम, काम वाटून दे. मीही घरचं वाटून दिलंय. दादा दर दुसऱ्या शनिवारी सांगलीहून येईल. औषधं दुकानदार घरपोच देईल. रक्ताच्या तपासणीला मुलगा घरी येईल. रविवारी उपासनेला मंडळीतली तरुण पोरं रिक्षा घेऊन येतील, पायरीपाशी हातही देतील. बाबा, तो हात धरायचा.

तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी चर्चला जायचे. उपदेश लांबला की आई पदराच्या गाठीतून पेपरमिंट काढायची, आवाज न करता. वेल्लोरच्या चर्चमध्ये बसले की हात आपोआप तुझ्या पदराकडे जाईल बघ.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळी, नाश्त्याआधी; "विसरलो" चालणार नाही. पावसात रंकाळ्यावर फिरायला जायचं नाही. तांबडा रस्सा महिन्यातून एकदाच, आणि आई, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेव. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला सुतार बुधवारी येतोय, त्याला परत पाठवू नका.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच विचारली नाही, ती तुमच्यासाठी ठेवलीय. वरची खोली भाड्यानं द्यावी का, की दोन वर्षं माईआत्यानं तिथं येऊन राहावं? तुमच्यात जे काही झालं ते मला ठाऊक आहे, म्हणूनच मी ठरवत नाही. दोघं बोला. रविवारी उपासनेनंतर फोन करते. आधी आईला बोलू द्या, बाबा.

तुमची,
बेबी