यशोगाथांपलीकडचे उद्योगवाचन

महोदय,

अप्पा बळवंत चौकात उद्योगावरचे पुस्तक मागितले की बहुधा यशोगाथाच हाती पडतात. भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाला त्याहून वेगळे वाचन हवे.

एलियाहू गोल्डरॅट यांची ‘द गोल’ (1984) ही कादंबरी आधी वाचावी. कारखान्यातून किती माल बाहेर पडेल, हे सर्वांत कमी क्षमतेच्या टप्प्यावर ठरते. बाकीची मशीन अखंड चालवली तर फक्त अर्धवट माल साचतो आणि त्यात पैसा अडकतो. एवढे उमगले तरी कर्ज काढून भलतेच मशीन घेतले जाणार नाही.

त्यानंतर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, कलम 15 ते 18. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावेच लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. मात्र ‘उद्यम’ ही अशा उद्योगांची सरकारी नोंदणी माल पाठवण्याआधीच करा. नाहीतर दावा लंगडा पडतो.

आणि स्वतःचा ताळेबंद! ग्राहकांकडून येणे 30 लाख, वार्षिक विक्री 1 कोटी 20 लाख असेल, तर वसुलीला सरासरी 91 दिवस लागतात. येण्यात जीएसटी आणि विक्रीत तो नाही, असे झाले की आकडा फुगतो, तेवढे जपावे.

मराठी प्रकाशकांनी असा हिशेब सोडवून दाखवणारी पुस्तके काढावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे