आईला आम्हीच खुर्चीत बसवून ठेवलं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत ज्येष्ठांच्या पडण्याविषयी पानभर लेख छापलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार. या विषयाला सहसा कोपऱ्यातही जागा मिळत नाही. पण लेख वाचून राग आला आणि तो आज सकाळीही गेलेला नाही, म्हणून हे पत्र.

बाथरूममध्ये दांडी लावा, सरकणारी पायपुसणी काढा, रात्री दिवा ठेवा, चष्म्याचा नंबर तपासा. सगळं बरोबर. व्यायामाच्या वाट्याला मात्र शेवटच्या परिच्छेदातली एक ओळ आली: झेपेल तेवढं चालावं, बाकी आराम करावा. त्या आरामानेच माझ्या आईचे पाय गेले.

आई तेव्हा 81 वर्षांची होती. पहिल्यांदा उंबऱ्यात अडखळली, तेव्हा नुसता गुडघा खरचटला. पण घाबरलो आम्ही सगळेच. ‘तू बस, मी आणते’ हे घरात दिवसभर चालू झालं. पाण्याचा तांब्यासुद्धा तिला उचलू देईना. तीही धास्तावली होती, त्यामुळे बसून राहिली. सात-आठ महिन्यांत तिचं खुर्चीतून उठणं बदललं. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरायची, एक हेलकावा घ्यायची, परत बसायची, दुसऱ्या हेलकाव्याला कशीबशी उभी राहायची. बोटांची पेरं पांढरी पडायची. मी हे रोज बघत होते आणि वय झालं, असं म्हणून सोडून देत होते.

शेवटी ती पडली ती बाथरूममध्ये नाही की ओल्या फरशीवर नाही. भर दुपारी, लख्ख उजेडात, कोरड्या जमिनीवर, फोन वाजला म्हणून वळताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. दांडी, दिवा, चष्मा सगळं जागच्या जागी होतं. गेलेला तोल सावरायला लागतं ते पायातलं बळ तेवढं उरलं नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पहिल्यांदा नीट समजावलं. पडण्याच्या भीतीने माणूस हलेनासा होतो, हलला नाही की मांड्या-पोटऱ्या आणखी अशक्त होतात आणि मग तो खरोखरच पडतो. हे पहिल्या ठेचेनंतर कोणी सांगितलं असतं तर!

तुमच्या लेखकांनी हे का लिहिलं नाही? ही काही गुप्त माहिती नाही. जगात दरवर्षी अंदाजे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढचे सर्वाधिक, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019 सालच्या आढाव्यात 108 चाचण्या तपासल्या गेल्या. आपापल्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण व्यायामाने सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं, असं त्यातून निघालं. नुसत्या चालण्याने ते कमी होतं, असा भरवशाचा पुरावा मात्र मिळाला नाही. चालणं चांगलंच आहे, मी रोज चालते. पण तोल सांभाळायचा सराव वेगळा करावा लागतो, पायांची ताकद वेगळी वाढवावी लागते, आणि तेही आठवड्यातून दोन-तीनदा, न सोडता. सोडलं की कमावलेलं जातं.

आईच्या दुखण्यानंतर मी स्वतः, वय 62, अशा एका वर्गाला जाऊ लागले. आम्ही वीसेक जण होतो. खुर्चीच्या पाठीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, मग एक बोट, मग बोटही उचलायचं. टाचेला अंगठा चिकटवत सरळ रेषेत चालायचं. हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. पडलंच तर कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन, खुर्ची धरून कसं उठायचं तेही शिकवायचे. एक आजी पहिल्या दिवशी भिंत धरून आल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात त्या सभागृहाच्या मधोमध एका पायावर उभ्या राहिल्या आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकटीने घरी हे झालं नसतं, असं त्याच म्हणाल्या. शेजारची वाट बघते, म्हणून माणूस घराबाहेर पडतो.

तो वर्ग बंद झाला. सभागृह सांभाळणाऱ्यांनी विचारलं, ‘इथे कोणी पडलं तर जबाबदार कोण?’ आता हे वीस जण आपापल्या घरी खुर्चीत बसून आहेत. तिथे पडले तर जबाबदार कोण, हे मला त्यांना विचारायचं आहे. एक मोकळी खोली, वीस भक्कम खुर्च्या आणि एक शिकलेला माणूस, एवढंच लागतं. ते मिळत नाही, यावर तुम्ही बातमी करा. मी बोलायला तयार आहे, वर्गातले बाकीचेही येतील.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात पंचविशीतली मुलगी चटईवर कमान करून दाखवली होती. ती बघून माझ्या वयाचा कोणता माणूस म्हणेल की हे मला जमेल? खालची अक्षरं तर इतकी बारीक, की मला भिंग घ्यावं लागलं. ज्यांच्यासाठी पान काढलंत, त्यांना ते वाचता तरी यावं.

पुढच्या पुरवणीत कृपया खुर्चीतून उठण्याचा तो एक व्यायाम मोठ्या अक्षरांत छापा. चित्रात माणूस सत्तरीचा दाखवा.

आपली,
एक नियमित वाचक