आजारी मुलाला काय हवे आहे, ते केसपेपरवर येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंभीर आजारी मुलांच्या उपचारांसाठी मदतीची आवाहने आपल्या अंकात अनेकदा येतात आणि वाचकही मनापासून पैसे पाठवतात. शस्त्रक्रियेला किती लागतील, केमोथेरपीला किती, हे त्यात असते. मुलाला रात्री झोप लागते का, त्याला उचलून संडासला कोण नेते, आईची मजुरी सुटली तर घर कशावर चालते, धाकटे भावंड कुणाकडे ठेवले आहे, हे त्यात येत नाही. खेदाची गोष्ट ही की बहुतेक वेळा ते केसपेपरवरही येत नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी करताना मी हे सतत पाहिले.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास आणि वेदना कमी करणारी सेवा, म्हटले की आपल्याकडे शेवटचे चार दिवस डोळ्यांपुढे येतात. मुलांच्या बाबतीत ही सेवा निदान झाल्यापासूनच सुरू व्हावी, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्येच सांगितले आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे), सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे करणारा आजार) असलेली मुले वर्षानुवर्षे आजारासोबतच वाढतात. कर्करोगातून पूर्ण बरे होणाऱ्या मुलालाही उपचारांच्या काळात वेदना आणि भीती सोसावीच लागते. त्याला काय हवे आहे हे विचारायला आजार हाताबाहेर जाण्याची वाट कशाला पाहायची?

सुरुवात दुखण्यापासून करावी. दुखते असे मूल सांगेलच असे नाही. सांगितले तर सुई टोचतील, ही भीती असते. आई रडेल म्हणूनही मुले गप्प राहतात. मग निपचित पडलेल्या मुलाच्या कागदावर ‘विशेष त्रास नाही’ असा शेरा पडतो. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रे ठेवली, तर ते बोट ठेवून दाखवते. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी ‘फ्लॅक’ नावाची पद्धत आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे, अशा पाच गोष्टींना 0 ते 2 गुण द्यायचे, एकूण 10. परिचारिकेचे हे काही मिनिटांचे काम आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या वेदनेची खूण मात्र बहुधा आईलाच ठाऊक असते. ‘हा दात खायला लागला की समजायचं, पोटात कळ आलीय,’ असे ती सांगते. या पद्धतीच्या सुधारित रूपात आईने सांगितलेल्या अशा खुणांनाही जागा आहे. ती जागा भरायला हवी.

वेदना मोजली की ती कमी करण्याची जबाबदारी येते. मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत (त्या 2019 मध्ये मागे घेतल्या गेल्या) दोनच पायऱ्या होत्या. आधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्याने भागले नाही तर मॉर्फिन हे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक, ठरलेल्या वेळी आणि शक्यतो तोंडावाटे. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनच्या परवान्याची वाट बरीच सोपी झाली. पण मॉर्फिन म्हणजे व्यसन, ही धास्ती पालकांच्याच नव्हे, काही डॉक्टरांच्या मनातूनही गेलेली नाही.

शरीराचे झाले की विचारपूस थांबते, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. ड्यूशेनचा एक मुलगा शाळेत जायचा बंद झाला होता. घरच्यांनी आजार बळावला असे गृहीत धरले. त्यालाच विचारले तेव्हा कळले की पाचवीनंतर त्याचा वर्ग पहिल्या मजल्यावर गेला होता आणि मित्रांनी उचलून नेलेले त्याला आवडत नव्हते. मुख्याध्यापकांनी वर्ग तळमजल्यावर आणला आणि तो पुन्हा शाळेत जाऊ लागला. त्याच्या जाडजूड फाइलमध्ये शाळा हा शब्द एकदाही नव्हता. भावंडांचेही तसेच आहे. आजोळी पाठवलेल्या बहिणीला भावाला काय झाले आहे हे कुणी सांगत नाही आणि आपल्या भांडणामुळेच तो आजारी पडला असे ती मनात धरून बसते.

परळच्या टाटा रुग्णालयात आणि पुण्याला वारज्याच्या सिप्ला केंद्रात या सेवेचे चांगले काम चालते. पण गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या सिकलसेलच्या मुलाला मुंबई-पुणे दूर आहे. गावात आशाताई जो तपासणी अर्ज भरतात तो 30 वर्षांवरील माणसांसाठी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 0 ते 18 वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीत आणि शाळेत जाते, पण त्याचा भर व्यंग आणि आजार शोधण्यावर. आयुष्मान भारतच्या प्राथमिक सेवांत पॅलिएटिव्ह सेवा आहे, पण ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेला जोडून. आजार आधीच ठाऊक असलेल्या मुलाला आज काय त्रास होतो, हे नेमाने विचारायचे काम यांपैकी कुणाकडेच नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की बाल स्वास्थ्य पथकाच्या नोंदीत अशा मुलांसाठी एक पान वाढवावे. त्यात वेदना, झोप, खाणे, श्वास, शौच, शाळा, भीती, भावंडे आणि घरची मिळकत यांच्या नोंदी असाव्यात. मुलाला स्वतःला काय हवे आहे, ही ओळ सर्वांत वर असावी. प्रश्न मराठीबरोबर गोंडी, माडिया, भिली, कोरकूतही असावेत. मुलाला रुग्णालयातून घरी सोडताना त्या पानाची प्रत तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावी आणि प्रकृती बदलेल तसे ते पुन्हा भरले जावे. आशाताईंवर हे काम सोपवायचे असेल तर त्याचा वेगळा मोबदलाही ठरवावा.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), नाशिक