पोटरीचं हाड जबड्यात

लालबाग, १२ जुलै

प्रिय सुन्या,

तुझे फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. बोलायला गेलो की लाळ गळते आणि ‘प’, ‘ब’ धड उमटत नाहीत. खालच्या ओठाची नस जबड्याच्या हाडातूनच जाते, हाडाबरोबर तीही गेली. म्हणून लिहितोय.

जबड्यातली गाठ साधीच निघाली. नाव तेवढं भारदस्त, अमेलोब्लास्टोमा. कॅन्सर नाही, पण नुसती खरवडली तर परत उगवते, त्यामुळे भोवतालच्या चांगल्या हाडासकट काढली. नाक्यावरच्या डेंटिस्टने आठ महिने अक्कलदाढ समजून गोळ्या चारल्या. साध्या एक्स-रेत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे तेव्हाच दिसले असते. जाऊ दे.

परळला दहा तास टेबलावर होतो. गेलेल्या जबड्याच्या जागी माझ्याच पोटरीतलं बारीक हाड बसवलंय, फिब्युला. अंगाचा भार नडगी पेलते, म्हणून हे काढलं तरी चालतं. घोट्याकडचा तुकडा मात्र ठेवतात, नाहीतर घोटा डळमळेल. हाड सरळ, जबडा बाकदार. मग त्याचे तुकडे पाडून टायटॅनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळले आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली शिवल्या, केसाहून बारीक धाग्याने. पहिले दोन दिवस सिस्टर तासातासाला बॅटरी घेऊन तोंडात डोकवायची. तिथे लावलेली कातडी काळीनिळी पडली तर मला पुन्हा आत नेणार होते.

ती कातडीही पायाचीच. आता तिच्यावर केस उगवलेत! जिभेला खरखरतात. आई म्हणते, तुझा न्हावीसुद्धा गोंधळेल.

ऑपरेशनआधी सीटी स्कॅनवरून माझ्या जबड्याचा प्लास्टिकचा नमुना छापला होता, पट्टी त्याच्यावरच वाकवून घेतली. तो मी मागून घरी आणला. आईने “जित्या माणसाचा सांगाडा देवघरासमोर नको” म्हणून पत्र्याच्या ट्रंकेत टाकला. चाळीतली पोरं रोज दाखवा म्हणून येतात, आणि ती बाई स्वतःच काढून दाखवते!

दात एवढ्यात नाहीत. हाड नीट जुळलं की इम्प्लांट बसवतील.

गणपतीला येशीलच. काजू आणू नकोस, चावता येत नाहीत. आमरसाचा डबा आण. आणि दारातच माझ्याकडे एकदा पोटभर बघून घे. लोक चोरून बघतात, त्याचा फार वैताग येतो.

तुझा,
विज्या